आधी सांग, कितव्या ओळीत अडलास? एम-वन आणि केमिस्ट्रीच्या असाइनमेंटला मदत मागण्याबद्दल

तुझा प्रश्न मला कळला तो असा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, एम-वन (म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित) आणि केमिस्ट्री दोन्हीच्या असाइनमेंट सोमवारी सबमिट करायच्यात, सिनियरची फाईल मिळालीय पण छापताना डोक्यात काही शिरत नाही, सरांकडे जायची भीती वाटते, तर क्लास लावू का एखादं ॲप घेऊ. सोबत दोन गणितं दिलीयस. एक युलरच्या थिअरमचं (खरा उच्चार ऑयलर, पण कॉलेजात युलरच म्हण, उगाच हसतील) आणि एक पाण्याच्या हार्डनेसचं (पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते), ज्याचं उत्तर सिनियरच्या फाईलमध्ये ४१.१ आहे आणि शीटच्या खाली ३५ छापलंय.

मी १९ वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना एम-वन एम-टू शिकवतेय, आधी कॉलेजात आणि आता घरी. नवरा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता, बॉयलरचं पाणी रोज तपासायचा, त्यामुळे केमिस्ट्रीचे डाउट तो बघतो. तेव्हा हे उत्तर दोघांचं मिळून समज, आणि थोडं लांबेल.

क्लास की ॲप हे नंतर. आमच्याकडे पोरगं येतं आणि म्हणतं "मॅम हे गणित येत नाही", तेव्हा मी पहिला प्रश्न एकच विचारते, कितव्या ओळीत अडलास? दहातल्या आठ जणांकडे याचं उत्तर नसतं कारण कागदावर ओळच नसते, नुसता प्रश्न उतरवलेला असतो आणि त्याखाली सोल्युशन लिहून दोनदा अंडरलाइन केलेलं. आता अशा पोराला मी काय मदत करणार? मी अख्खं गणित सोडवून दाखवते, तो मान डोलावतो, घरी जातो, आकडे बदलले की पुन्हा तिथंच. मदत मिळाली असं त्याला वाटतं आणि शिकवलं असं मला वाटतं, आणि दोघांचा अर्धा तास गेलेला असतो.

आणि गंमत म्हणजे अडलेली ओळ सापडली की बहुतेक वेळा ती कॅल्क्युलसची नसतेच. मागे एका मुलीला पार्शल डेरिव्हेटिव्ह (एक व्हेरिएबल बदलायचं, बाकीचे स्थिर धरायचे) जमत नाही म्हणून तिचे वडील घेऊन आले होते, तिची वही बघितली तर डेरिव्हेटिव्ह सगळे बरोबर, पुढे सिम्प्लिफाय करताना ती एक भागिले एक्स अधिक वाय याचे दोन तुकडे करायची, एक भागिले एक्स अधिक एक भागिले वाय. म्हणजे अडचण आठवीतली आणि क्लास लावणार एम-वनचा. तिला मी दोन दिवस फक्त अपूर्णांक आणि घातांक करायला लावले, पार्शलला हातही लावला नाही, आणि गाडी चालू झाली. केमिस्ट्रीत तसंच, इलेक्ट्रोकेमिस्ट्री येत नाही म्हणणाऱ्याला बघितलं तर लॉग कुठल्या बेसचा तेच माहीत नसतं, आणि हार्डनेस येत नाही म्हणणाऱ्याला रेणुवस्तुमान काढता येत नसतं. तू मराठी मीडियमचा आहेस ना, रेणुवस्तुमान हा शब्द तुला दहावीपासून पाठ आहे, इथे फक्त मॉलिक्युलर वेट झालंय. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. अशी एक वही कर, डावीकडे इंग्रजी उजवीकडे दहावीचा शब्द, पन्नास-साठ शब्दांत काम भागतं. आणि त्यात "एक्सेस", "निग्लिजिबल", "विथ रिस्पेक्ट टू", "हेन्स" असले साधे शब्दही टाक, कारण खूप पोरं गणितात नाही, प्रश्नाच्या वाक्यातच अडकतात. "एक्सेस" म्हणजे हे भरपूर आहे, संपणार नाही, म्हणून दुसऱ्यावर हिशेब करायचा, हे न कळल्यामुळे लिमिटिंग रिएजंटचं (आधी संपणाऱ्या पदार्थाचं) सोपं गणित हुकलेली पोरं मी बघितलीयत.

आता तुझं युलरचं गणित. यू म्हणजे साइन इन्व्हर्स, आत वर एक्स वर्ग अधिक वाय वर्ग आणि खाली एक्स अधिक वाय. एक्स गुणिले यूचा एक्सने पार्शल अधिक वाय गुणिले यूचा वायने पार्शल, याची किंमत काढायची. युलरचा थिअरम सांगतो, फंक्शन एन डिग्रीचं होमोजिनिअस असेल (एक्स वाय दोन्ही टी पट केले की ते टीच्या एनव्या घाताइतकं पट होतं) तर ही किंमत एन गुणिले ते फंक्शन. तू लिहिलंयस, वरची डिग्री २, खालची १, म्हणून एन = १, म्हणून उत्तर एन गुणिले यू म्हणजे यू. सिनियरच्या फाईलमध्ये टॅन यू आहे आणि ते कुठून आलं कळत नाही.

तुझी पहिली ओळ बरोबर आहे, डिग्री १ हे बरोबर आहे. पण ती डिग्री कोणाची? आतल्या अपूर्णांकाची. यू स्वतः होमोजिनिअस नाही, साइन यू होमोजिनिअस आहे. म्हणजे थिअरम यूला लावायचा नाही, साइन यूला लावायचा. साइन यूला लावलास की डावीकडे प्रत्येक टर्ममध्ये कॉस यू येतो (चेन रूल), उजवीकडे एक गुणिले साइन यू, आणि कॉस यूने भागलं की टॅन यू. झालं. तुझी चूक दुसऱ्या ओळीत आहे आणि ती एका वाक्याची आहे, "मी थिअरम कोणाला लावतोय?" हा प्रश्न न विचारल्याची.

पण मला हे तुला नुसतं सांगायचं नाहीये, तुझं उत्तर चुकलंय हे तुझं तुला कसं कळलं असतं ते दाखवायचंय, कारण परीक्षेत मी नसते आणि फाईलही नसते. एक्स आणि वाय दोन्ही ०.५ घे. आतला अपूर्णांक ०.५ येतो, यू म्हणजे साइन इन्व्हर्स ०.५, रेडियनमध्ये ०.५२३६. आता एक्स वाय दोघांना १.००१ ने गुण, आतला अपूर्णांक ०.५००५ होतो, त्याचा साइन इन्व्हर्स काढ, आधीचा वजा कर आणि ०.००१ ने भाग. उत्तर ०.५७७ च्या आसपास येतं. एक्स गुणिले पार्शल अधिक वाय गुणिले पार्शल याचा अर्थच हा आहे, दोन्ही व्हेरिएबल एकाच प्रमाणात वाढवले तर यू किती वेगाने वाढतो. आता बघ, यू आहे ०.५२३६ आणि टॅन यू आहे ०.५७७४. कोण बरोबर ते कॅल्क्युलेटरनेच सांगितलं, सर नकोत, फाईल नको, इंटरनेट नको. एक मिनिटाचं काम आहे. वर्गात ही युक्ती मी दरवर्षी दाखवते आणि दरवर्षी पोरं म्हणतात मॅम हे सिलॅबसमध्ये नाही.

हो, आणि कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर आहे ना ते बघ. साइन इन्व्हर्स ०.५ ला ३० आलं तर डिग्रीवर आहे. तसंच साइन एक्स भागिले एक्सची लिमिट तपासताना १ च्या ऐवजी ०.०१७४५ दिसलं की समज, गणित बरोबर आहे, मोड चुकलाय. या एका बटणापायी किती पोरांनी आपल्या बरोबर उत्तरांवर काट मारलीय याला हिशेब नाही.

आता हार्डनेस. हे नवऱ्याने बघितलं आणि तुझा प्रश्न वाचून तो आधी हसला, मग सांगते का. तुझ्या शीटवर लिटरमध्ये कॅल्शियम बायकार्बोनेट १६.२ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम बायकार्बोनेट ७.३, कॅल्शियम सल्फेट १३.६, मॅग्नेशियम क्लोराइड ९.५ आणि वर थोडं सोडियम क्लोराइड. पद्धत तुला माहितीय, प्रत्येकाला १०० ने गुणायचं आणि त्याच्या मॉलिक्युलर वेटने भागायचं. पण १०० का? तू लिहिलंयस "फॉर्म्युला आहे म्हणून". कॅल्शियम कार्बोनेटचं मॉलिक्युलर वेट १०० आहे म्हणून. वेगवेगळ्या क्षारांची बेरीज करायची तर आधी सगळे एका चलनात आणायला नको का, डॉलर पौंड रुपये थेट कसे मिळवशील, तर इथलं चलन कॅल्शियम कार्बोनेट. आणि १०० हा आकडा हिशेबाला सोपा म्हणूनही ते सोयीचं पडलं.

आता तुकडे कर. १६.२ चे १०, कारण वेट १६२. ७.३ चे ५, वेट १४६. १३.६ चे १०, वेट १३६. ९.५ चे १०, वेट ९५. सोडियम क्लोराइडचा हार्डनेसशी संबंध नाही, ते फसवायला टाकलेलं असतं, सोडून दे. टेम्पररी (पाणी उकळलं की जातो तो) म्हणजे दोन बायकार्बोनेटचे १० आणि ५ मिळून १५, पर्मनंट (उकळूनही राहतो तो) २०, टोटल ३५ पीपीएम, म्हणजे लिटरला ३५ मिलिग्रॅम. शीट बरोबर आहे.

मग ४१.१ कुठून आले? फाईलमध्ये तिसऱ्या पानावर बघ, मॅग्नेशियम क्लोराइडचं वेट ५९ लिहिलेलं असणार. ९५ चे उलटे ५९. ९.५ गुणिले १०० भागिले ५९ म्हणजे १६.१, आणि १० च्या जागी १६.१ आले की टोटल बरोबर ४१.१. नवरा हसला तो यासाठी, की हीच ५९ ची चूक आमच्याकडे तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पोरांच्या वह्यांत आलीय. कोणीतरी एकाने कधीतरी घाईत आकडे उलटे लिहिले आणि मग फाईल हातोहात पुढे गेली, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि प्रत्येकाने ते ५९ अगदी सुंदर अक्षरात उतरवलं. सरांनीही टिक मारली असेल, शंभर फाईल तपासायच्या असतात, कोण बघतंय.

ही चूकही मदत न घेता पकडता येते बरं का. ज्या क्षाराचं वेट १०० पेक्षा जास्त, त्याचा आकडा बदलल्यावर कमी व्हायला पाहिजे. वेट १०० पेक्षा कमी तर वाढायला पाहिजे. मॅग्नेशियम क्लोराइड ९५, म्हणजे १०० च्या जवळच, मग ९.५ चे थोडेसे वाढून १० होणार, एकदम १६ कसे होतील? एवढा अंदाज आधी मनात केला की मग कॅल्क्युलेटर दाबायचा. नवऱ्याचं म्हणणं असं की कारखान्यात आकडा आला की आधी तो पटतो का ते बघायचे, मग रजिस्टरमध्ये लिहायचे, कारण तिथे चुकीच्या आकड्यावर बॉयलरमध्ये केमिकल पडतं, ट्यूबमध्ये खपली साचते आणि बगॅस (उसाचं चिपाड, तिथलं जळण) जास्त जळतो. तुझ्याकडे नुसता एक मार्क जातो.

याच शीटवर पुढचा भाग लाइम-सोडाचा (चुना आणि धुण्याचा सोडा घालून हार्डनेस काढायचा) असेल, तोही सांगून टाकतो म्हणतोय तो, कारण सगळे तिथे अडतात. लाइमच्या फॉर्म्युल्यात मॅग्नेशियमच्या टेम्पररी हार्डनेसला २ ने गुणलेलं असतं आणि पोरं ते पाठ करतात. पाठ करू नको. कॅल्शियम बायकार्बोनेटला एक चुना दिला की कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसतं, काम संपलं. मॅग्नेशियम बायकार्बोनेटला एक चुना दिला तर मॅग्नेशियम कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळलेलंच राहतं, बसत नाही, म्हणून आणखी एक चुना देऊन त्याचं हायड्रॉक्साइड करावं लागतं, ते बसतं. दोन चुने म्हणून २. मॅग्नेशियम क्लोराइडला चुना दिला की मॅग्नेशियम तर बसतं पण पाण्यात कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, म्हणजे हार्डनेस गेलाच नाही, नुसतं नाव बदललं, म्हणून त्याला वर सोडाही लागतो, आणि म्हणूनच ते दोन्ही फॉर्म्युल्यांत दिसतं. आता तुझ्या आकड्यांत, लाइम = ०.७४ × (१० + २ × ५ + १०) = २२.२ मिलिग्रॅम लिटरला, सोडा = १.०६ × (१० + १०) = २१.२. ०.७४ आणि १.०६ म्हणजे चुन्याचं वेट ७४ आणि सोड्याचं १०६, दोन्ही १०० ने भागलेले. दोन्ही शुद्ध धरून. प्युरिटी ९० टक्के वगैरे दिली असेल तर शेवटी १०० ने गुणून ९० ने भाग, म्हणजे आकडा वाढला पाहिजे, भेसळीचा माल जास्त लागणार ना. पोरं उलटं करतात आणि अशुद्ध चुना कमी लागतो असं उत्तर लिहून मोकळी होतात.

आता अशा "हे पटतं का" वाल्या दोन जागा अजून सांगते, कारण माझ्या मते कोणाची मदत मागण्याआधी करायचं काम हेच आहे. दहाचा उणे आठवा घात मोलार हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच काढा. पोरं डोळे झाकून ८ लिहितात. अरे ॲसिड घातलं आणि पाणी बेसिक झालं? इतकं पातळ ॲसिड असलं की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरावे लागतात, मग उत्तर ६.९८ येतं, ७ च्या जराशी खाली, जे पटतं. आणि कॅल्क्युलसमध्ये, उणे १ पासून १ पर्यंत एक भागिले एक्स वर्गाचं इंटिग्रेशन. फॉर्म्युल्याने उणे २ येतं. जो ग्राफ पूर्णच्या पूर्ण एक्स-ॲक्सिसच्या वर आहे त्याचा एरिया उणे? मध्ये एक्स = ० ला फंक्शन फुटतंय, तिथे तोडून बघायला पाहिजे, आणि तोडलं की ते डायव्हर्ज होतं, उत्तरच नाही. ८ आणि उणे २, दोन्ही गणितांत प्रत्येक ओळ "फॉर्म्युल्याप्रमाणे" असते आणि तरी उत्तर हास्यास्पद असतं.

आऱ्हेनियसच्या गणितात (तापमान वाढलं की रिॲक्शनचा रेट किती वाढतो ते) तर तीन सापळे एकाच ओळीत आहेत. ३०० केल्विनवरून ३१० ला रेट दुप्पट झाला, ॲक्टिव्हेशन एनर्जी किती? बरोबर उत्तर मोलला साधारण ५३.६ किलोजूल. कोणी तापमान सेल्सिअसमध्ये २७ आणि ३७ टाकलं तर पाऊण किलोजूलही येत नाही. कोणी २.३०३ विसरून साधा लॉग घेतला तर २३.३ येतं. कोणी आर (गॅस कॉन्स्टंट) ८.३१४ च्या जागी ०.०८२१ टाकतं, तो लिटर-ॲटमॉस्फिअरचा आर आहे, इथे त्याचं काम नाही. म्हणून नवऱ्याचा नियम, प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहायचंच, आळस केला तर तो वही परत देतो, वाचतसुद्धा नाही.

बरं, एवढं करूनही अडलं तर विचारायचं कसं. वेळ ठरवून घे, मी वीस मिनिटं म्हणते. वीस मिनिटं स्वतः झटापट करायची, कागदावर, मनात नाही. त्याच्या आत कोणाला विचारायचं नाही आणि त्यानंतर एकटं कुढत बसायचं नाही. हुशार पण लाजाळू पोरं दुसऱ्या चुकीत जास्त सापडतात, एका गणितावर अख्खी रात्र घालवतात आणि सकाळी बाकीची नऊ छापतात.

सरांची भीती वाटते म्हणालास. खरं सांगू, मीही कॉलेजात होते, स्टाफरूममध्ये येऊन "मॅम चॅप्टर टू समजला नाही" म्हणणाऱ्या पोराचा आम्हाला कंटाळा यायचा, आणि "मॅम तिसऱ्या ओळीत साइन यू घेतला, मग कॉस यू दोन्ही टर्ममध्ये येतो का एकाच?" असं विचारणाऱ्यासाठी हातातला चहा बाजूला ठेवायचो. त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात, पहिल्याला द्यायला तीन लेक्चर. तेव्हा लेक्चर संपल्या संपल्या दारात गाठू नको, त्यांना पुढच्या वर्गावर पळायचं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ विचारून घे, वही उघडी ठेवून जा, अडलेल्या ओळीवर पेन्सिलीने गोल केलेला असू दे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर अख्ख्या पानाचा अंधुक फोटो आणि खाली "सर प्लीज" असं नको. लिही, "सर प्रश्न ४, मी इथपर्यंत आलोय, ओळ ३ नंतर माझं यू येतंय, आकडे टाकून बघितले तर टॅन यू यायला पाहिजे, मी थिअरम चुकीच्या फंक्शनला लावतोय का?" असा मेसेज लिहिता लिहिता अर्ध्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं आणि मेसेज डिलीट करावा लागतो. माझ्याकडची पोरं सांगतात, मॅम टाइप करत होतो तेवढ्यात कळलं.

मित्रांसोबत बसायचं तर तिघं बरे, जास्त झाले की वडापाव होतो अभ्यास होत नाही. आणि तिघांनी आधी आपापलं सोडवून यायचं. तिघांची उत्तरं वेगळी आली तर उत्तमच, भांडा, कोणाची कितवी ओळ फुटली शोधा. सगळ्यांची सारखी आली तर बरोबरच असेल असं नाही, ५९ ची गोष्ट आठव.

आता तुझा ॲपचा प्रश्न. फुकटात इतकं चांगलं आहे की पैसे टाकायच्या आधी ते वापरून बघ. एनपीटीईएल हे आयआयटी आणि आयआयएससीचं, २००३ पासून चालू आहे, लेक्चर लांब असतात पण पाया पक्का होतो. मॅट्रायसेस साठी एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची लेक्चर यूट्यूबवर आहेत, इंग्रजी सावकाश आहे, तुला झेपेल. खान अकॅडमी मी मागच्या वर्गांतल्या फटींसाठी सुचवते, त्या अपूर्णांकवाल्या मुलीला तेच दिलं होतं. लेखी वाचायला आवडत असेल तर टेक्सासच्या लामार युनिव्हर्सिटीच्या पॉल डॉकिन्स यांच्या ऑनलाइन मॅथ नोट्स, कॅल्क्युलसला त्याहून सरळ काही मी बघितलं नाही, आणि केमिस्ट्रीला लिब्रेटेक्स्ट्स. फक्त आपल्याकडची हार्डनेस, लाइम-सोडा असली गणितं अमेरिकन साहित्यात या रूपात फारशी मिळणार नाहीत, त्याला आपलीच पुस्तकं आणि आपलीच मागची पेपरं.

वुल्फ्राम अल्फा उत्तर तपासायला वापर, उत्तर उतरवायला नको. त्यातही दोन गोष्टी लक्षात ठेव. तिथे नुसतं लॉग लिहिलं की ते नॅचरल लॉग धरतं, केमिस्ट्रीसाठी बेस १० सांगावा लागतो. आणि इंटिग्रेशनचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं दिसलं म्हणून लगेच खोडू नको. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन कोणाला साइन वर्ग भागिले २ येतं, कोणाला उणे कॉस वर्ग भागिले २, कोणाला उणे कॉस टू-एक्स भागिले ४, आणि तिघंही बरोबर असतात, फरक फक्त कॉन्स्टंटचा. दोन उत्तरांची वजाबाकी कर, कॉन्स्टंट आला की निश्चिंत झोप.

चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे बद्दल तू विचारलं नाहीस पण वापरतोयस हे गृहीत धरते. मी विरोधात नाही. पण ते चुकलं तरी तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं, सिनियरच्या फाईलसारखंच, फक्त अक्षर आणखी चांगलं. गणिताचा फोटो टाकून "सॉल्व्ह" म्हणालास तर छापणंच झालं ते. त्यापेक्षा स्वतःच्या ओळी टाइप कर आणि सांग, "उत्तर देऊ नको, माझी पहिली चुकीची ओळ कोणती आणि का तेवढंच सांग." मराठीत लिहिलंस तरी चालतं. मग ते जे सांगेल ते आकडे टाकून तपास, मघाशी युलरला केलं तसं. हे एक पोरगं महिनाभर करत होतं, त्याची वही मी बघितली, डाव्या पानावर स्वतःचं, उजव्या पानावर लाल पेनने फक्त "ओळ ४, चेन रूल विसरलो", "ओळ २, केल्विन" असं. महिन्याने उजवी पानं मोकळी पडायला लागली.

क्लास कधी लावायचा? अडलेली ओळ दर वेळी वेगळी असेल तर क्लासची गरज नाही, ते नेहमीचं शिकणं चाललंय. दर वेळी एकाच जातीची ओळ अडत असेल, उदाहरणार्थ नेहमी ट्रिग्नॉमेट्रीवर, नेहमी मोलवर, आणि पंधरा दिवस स्वतः घासूनही हलत नसेल, तर कोणाकडे तरी जा. पण त्याला सांग की मला हे एवढंच पाहिजे, सहा महिन्यांचं पूर्ण पॅकेज नको. नको म्हणायला लाजू नको, फी तुझे आईवडील भरणार आहेत. केटी लागेल (विषय राहील) या भीतीने ऑक्टोबरमध्ये क्लास लावणारे खूप, आमचाच धंदा त्यावर चाललाय, तरी सांगते.

सोमवारचं बघू. दोन असाइनमेंट, समजा वीस गणितं, आज शुक्रवार संध्याकाळ. सगळी स्वतः होणार नाहीत, मला माहितीय, मीही पहिल्या वर्षात होते कधीतरी. प्रत्येक प्रकारातलं एक निवड, साधारण सात निघतील, ती फाईल मिटून सोडव, शनिवारी एम-वनची, रविवारी सकाळी केमिस्ट्रीची. उरलेली फाईल बघून लिही, पण लिहिताना प्रत्येक ओळीपाशी "हे वरून कसं आलं" एवढं विचार, जिथे कळणार नाही तिथे समासात पेन्सिलीने फुली मार. सोमवारी सबमिशनच्या आधी त्या फुल्या मोज. त्या फुल्या घेऊन मंगळवारी सरांकडे जा, सबमिशन झाल्यावर त्यांनाही वेळ असतो आणि तू मार्कासाठी आलेला नाहीस हे त्यांना दिसतं.

आणि ती फाईल पुढे ज्युनिअरला द्यायची झाली तर त्याआधी तिसऱ्या पानावरचं ५९ खोडून ९५ कर.